कॅप्टन कातळची बुबुळं

प्रिय ऋत्विक,

मध्यंतरी तू बाबांचा तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलास, खाली आगीच्या ज्वाळा काढल्यास आणि 'बाबा रॉक्स' असं लिहिलंस, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझी चूक नाही हे मला कळतं. जगभरच्या लोकांनी तो व्हिडिओ बघितला, सगळ्यांनी ज्वाळा काढल्या, त्यात तूही एक. पण तू त्यांचा मुलगा आहेस, त्या शिडीखाली खेळत लहानाचा मोठा झालास. तुला तरी त्यात काहीतरी खटकायला हवं होतं असं वाटत राहतं आणि मग माझ्याकडून भांडी जरा जास्तच आपटली जातात. समीक्षा थोडे दिवस माझ्याकडे, मावशीच्या घरी, राहायला आली होती, ती उद्या पुण्याला परत निघते आहे. तिच्या पिशवीत पापडांच्या डब्याखाली हे पत्र ठेवते आहे. फोनवर बोलता आलं असतं असं म्हणू नकोस. हल्ली आपल्या घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो, बाबा शेजारी बसलेले असतात, तुम्ही दोघं एकमेकांना 'सगळं ठीक' म्हणता आणि माझं बोलणं राहून जातं. फोन स्पीकरवर का असतो तेही सांगणार आहे. फक्त शेवटपर्यंत वाच. मोबाईलवर बोटाने सरकवत वाचतोस तसं नको.

सुरुवात झाली कोलाडच्या निकेशपासून. तू त्याला पाहिलेलं नाहीस. हायवेला त्याचं मिसळीचं हॉटेल आहे आणि यंदा तो त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आहे. भर उन्हाळ्यात आपल्या मूर्तींच्या कारखान्यात आला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा बाप्पाच्या बाजूला कॅप्टन कातळ उभा करायचा. चांगला माळ्याला टेकंल असा." मी म्हटलं, मागे तुमच्याकडे किल्ला होता, नंतर अंतराळयान झालं, आता देवाच्या शेजारी हा कशाला? तर म्हणतो, "माझा पोरगा कातळचं कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाय, आणि माझा बाप अजून त्याची जुनी पुस्तकं उशाशी घेऊन झोपतो. तिघांना चालंल असा दुसरा कोण हाय ते तुम्ही सांगा." मला कोणी सुचलं नाही म्हणून मी आणखी चिडले. यंदा सगळीकडे तेच चाललं आहे. त्याचा सिनेमा येतो आहे म्हणे. दप्तरावर कातळ, पाण्याच्या बाटलीवर कातळ. लोक कारखान्यात येऊन विचारतात, बाप्पाच्या पाठीवर कातळसारखा विटकरी शेला देता येईल का. बाबा हसून म्हणतात, का नाय, देऊ की. शेल्याच्या वळ्या रंगवत मान मोडून कोण बसतं ते तुला माहीत आहे.

तू म्हणशील, आई नेहमीप्रमाणे कातळवर घसरली. घसरणारच. लग्न होऊन मी पेणला आले तेव्हा कारखान्याच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तशाच चौकटीत, कातळच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ. उदबत्ती एकच आणि ती दोघांना ओवाळायची. तुझ्या रघू आजोबांनी तो अंक एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतला होता, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मीच घेतला होता असं वाटायला लागलं आहे. दिवसा बंदरावरचा साधा कारकून, संकट आलं की अंगाचा दगड होणार, पाठीवर शेला, तोंडावर राखाडी मुखवटा आणि मुखवट्याच्या खाचांत नुसता पांढरा रंग. आजोबांचा कातळ खाडीतून येणाऱ्या चोरट्या मालाच्या होड्या उलथवायचा. बाबांच्या लहानपणी तो आभाळातून उतरलेल्या हिरव्या माणसांशी लढायला लागला. तुझ्या वेळेपर्यंत त्याला दुःख झालं होतं आणि तो पानंच्या पानं एकटाच बोलत बसायचा. तुम्ही तिघं जेवताना भांडायचात, खरा कातळ कोणता यावरून. आमटी निवून जायची. मी म्हणायचे, एवढी वर्षं झाली, याचा एक केस पिकला नाही, हा कधी रिटायर होणार आहे की नाही? तिघंही माझ्याकडे अशा नजरेने बघायचात, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले आहे.

एका गोष्टीवर मात्र तुमचं एकमत होतं. कातळला बुबुळं नाहीत. आजोबा म्हणायचे, "बुबुळं काढली की तो कोणतरी एक माणूस झाला. नाय काढली तर तो कोणपण असू शकतो. तू, मी, हा गोविंदा." हे वाक्य बाबांनी कारखान्यात आलेल्या प्रत्येक पोराला ऐकवलं आहे. चौथीत असताना तू चित्रकलेच्या वहीत कातळ काढलास आणि हौसेने त्याला काळेभोर डोळे दिलेस, तर बाबांनी तुला रबर घेऊन बसवलं होतं. कागद फाटेपर्यंत खोडलंस तू. रडलास आणि मग मीच तुला नवीन वही आणून दिली. एरवी तुझ्यावर कधी आवाज न चढवणारा हा माणूस त्या दोन टिकल्यांसाठी चढला होता. व्हिडिओ बघताना तुला हे आठवायला हवं होतं, असं माझं म्हणणं आहे. असो.

मला तो आवडत नाही याचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्या घरातलं नाही, माझ्या माहेरचं आहे. रोह्याला आमच्या शेजारी सॉलोमनकाका राहायचे, त्यांची फ्लोरा माझी मैत्रीण. आता ती तिकडे इस्राएलात नातवंडांना मराठीत रागावते. आम्हा मुलींना कातळ कोणी वाचायला द्यायचं नाही, म्हणून फ्लोराच्या भावाचे अंक आम्ही तिच्या माडीवर चोरून वाचायचो. प्रत्येक अंकाचं शेवटचं चित्र तेच असतं, तुला पाठ आहे. कातळ जग वाचवून घरी येतो, शेला गुंडाळून पेटीत ठेवतो, आई ताट घेऊन उभी असते आणि विचारते, कुठे होतास रे? आणि तो म्हणतो, इथंच तर होतो. झाला अंक. पुरुष मंडळी त्या चित्रावर जीव टाकतात. फ्लोरा मात्र भडकायची. "ही बाय येडी हाय काय गो? पोराच्या अंगाला दगडाचा चुरा लागलाय, ते हिला दिसत नाय? आणि तो शेला धुतं कोण?" आम्ही पोट धरून हसायचो. अंकामागून अंक ती बाई ताट घेऊन उभी आहे आणि तिला कोणी काही सांगत नाही, हे तेव्हा हसण्यासारखं वाटायचं.

तर निकेशचा कातळ. बाप्पा आणि कातळ दोघंही वेळेत उभे राहिले. रंग झाला आणि आखणीचा दिवस आला. आपल्याकडे बाकीचं सगळं कोणीही करावं, पण डोळ्यांची आखणी कारखान्याच्या धन्याने करायची, आणि त्या वेळी शिडीखाली कोणी बोलायचं नाही. बाबांनी आधी बाप्पाचे डोळे आखले. मग शिडी सरकवून कातळकडे गेले. त्याला आखायचं काय, तर खाचेच्या कडेने काळी रेघ, आत पांढरं तसंच सोडायचं. प्रणित खाली रंगाची वाटी धरून उभा होता. तू पुण्याला गेल्यापासून बाबा त्याला हाताखाली तयार करताहेत, पण आखणीला त्याचा हात अजून बसलेला नाही. मी पलीकडे मुकुटाला सोनेरी देत होते. बाबा डाव्या हाताचा अंगठा कातळच्या गालावरून फिरवत होते, जसा आंधळा माणूस ओळखीच्या दारावरून फिरवतो. मला वाटलं, रंग वाळलाय का ते बघताहेत. मग ब्रश चालला. खाली उतरले, नेहमीसारखे मागे मागे सरकत भिंतीला टेकले, मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, "झाला."

मी वर बघितलं तर कातळ माझ्याकडे बघत होता. आपल्या बाप्पाचेच डोळे, तीच जड पापणी, तेच शांत बुबुळ आणि कोपऱ्यात तो पांढरा बारीक ठिपका. प्रणितने माझ्याकडे बघितलं, मी प्रणितकडे. आखणीच्या वेळी बोलायचं नाही म्हणून तो बिचारा आधीही बोलला नव्हता. ऋत्विक, हाताची चूक मी समजू शकते. इतकी वर्षं जे डोळे काढले तेच हाताने काढले, त्यात नवल नाही. पण हाताची चूक असती तर खाली उतरल्यावर दिसली असती. बाबांनी वर बघितलं, समाधानाने बघितलं, आणि त्यांना काही दिसलं नाही. ज्या माणसाने पोराला कागद फाटेपर्यंत खोडायला लावलं, त्याला. माझ्या हातातला ब्रश गळून सोनेरी रंग फरशीवर सांडला, त्यावरून त्यांनी मलाच ऐकवलं.

मी तेव्हाच बोलले असते, पण तेवढ्यात निकेश पोरांना घेऊन हजर. वर बघून त्याचा आ वासला. म्हणाला, "काका, बुबुळं घातलीत, काय जिवंत केलाय ओ." मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. एक क्षणभर ते पार उतरलं. मग त्यांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि हसून म्हणाले, "म्हटलं, यंदा घालून बघू. किती वर्षं आंधळा ठेवायचा त्याला." इतक्या सहज बोलले की प्रणितसुद्धा फसला. कोणी मोबाईल काढला, कोणी बाबांना तेच पुन्हा म्हणायला लावलं, आणि तो तुझा व्हिडिओ तयार झाला. त्यात मागे तोंड पाडून उभी आहे ती मी. ते तरी दिसलं का तुला?

पुढचं तू बघितलंसच. जुने लोक खवळले, हा काय आचरटपणा म्हणून. पोरांना आवडलं. कातळला डोळे असावेत की नसावेत यावर बाप-लेक एकमेकांशी भांडताहेत, आणि व्हिडिओखालची ती भांडणं बाबांना वाचून दाखवायला प्रणित बसलेला. लोक लेकरांना घेऊन कारखान्यात यायला लागले. परवा वडखळच्या एका बाईंनी कातळच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, अहो, तो देव नाही, पुस्तकातला आहे. तर त्या म्हणाल्या, "असू दे गो, नजर देवाची हाय." त्यांच्यावर काय चिडायचं? मी त्या दोन बुबुळांवरच चिडले. त्यात भर म्हणजे नागोठण्याहून, अलिबागहून, पार ठाण्याहून फोन. आम्हालाही तसाच, डोळेवाला कातळ पाहिजे, आणि डोळे गोविंदाकाकांच्या हातचेच पाहिजेत. बाबा सगळ्यांना हो म्हणताहेत. ज्या कामाला त्यांनी नाही म्हणायला हवं, तेच काम लोक त्यांना कौतुकाने आणून देताहेत, आणि मी चहा करते आहे.

त्यांना सरळ विचारलं तर सरळ उत्तर कुठलं. "काय गो, तुला कायपण दिसतं," एवढंच. मग मी एकेक गोष्ट जुळवायला बसले. फोन स्पीकरवर, कारण स्क्रीनवरचं नाव दिसत नाही. पेपर 'वाचायला वेळ नाय' म्हणून तसाच घडी पडलेला. चहाचा कप ठेवताना आधी बोटांनी टेबलाची कड चाचपणं. संध्याकाळी स्कूटर बंद, पेट्रोल महाग झालं म्हणे. आणि हिवाळ्यापासून लहान मूर्ती आखायच्या त्या प्रणितला बाहेर पाठवून, एकट्याने, नाक मूर्तीला लागेल इतक्या जवळून. मला हे सगळं दिसत होतं आणि काहीच दिसलं नव्हतं. शेवटी मी माझाच चष्मा बदलायचा आहे म्हणून त्यांना पेणमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि तिथे पोचल्यावर त्यांच्याच नावाची चिठ्ठी काढली. भर दवाखान्यात भांडलो आम्ही. बाकीचे पेशंट चुळबुळ करत ऐकत होते. पण बसले एकदाचे खुर्चीत.

त्यांची साखर तुला माहीत आहे, ती डोळ्यांत उतरली आहे. पडद्यावर रक्त साचलं आहे. डावा डोळा जवळजवळ गेल्यातच जमा, उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण उजव्यात आहे तेवढं राखता येईल. मात्र आता लगेच पनवेलला मोठ्या दवाखान्यात जा, इंजेक्शन, लेसर, लागलं तर ऑपरेशन, आणि एक महिनाही थांबू नका. आणि तिथे मला कळलं की हे सगळं त्यांना माघापासून माहीत होतं. कोणाला न सांगता एकटेच जाऊन दाखवून आले होते. कुठे गेला होतात म्हणून मी त्या दिवशी विचारलं असणार, आणि ते काय म्हणाले असतील ते तू ओळखलंसच.

घरी आल्यावर मी सगळं काढलं. त्यांचं उत्तर एकच, "सीझन होऊ दे. बाप्पा गेले की जातो." म्हटलं, बाप्पा जाईपर्यंत तुमचा डोळा जाईल. तर म्हणाले, "हात हाय ना. हाताला दिसतं." त्या कातळला विचारा म्हटलं हाताला किती दिसतं ते. ते जेवायला बसले, आणि मग हळूच म्हणाले, "ऋत्विकला बोलू नको हां. नवी नोकरी हाय त्याची, कंपनी मोठी. धावत येईल नि नोकरीवर गदा येईल. शपथ हाय तुला." मी शपथ घेतली नाही, पण मोडीतही काढली नाही. त्यानंतर किती रात्री कूस बदलत काढल्या ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी तो माणूस चाचपडत शिडी चढायचा आणि मी खालून शिडी धरायचे. लोक म्हणत, वहिनी किती साथ देतात. साथ कसली, पडतील या भीतीने धरायचे.

त्या दिवसांत मी माळ्यावरचे कातळचे जुने अंक काढून फक्त शेवटची पानं बघत बसले होते. त्या आईचं तोंड बघत होते. चित्रकार बदलले, तिची साडी बदलली, तोंड तेच. आणि मला फ्लोराला सांगावंसं वाटलं, अगं, ती येडी नाही. तिला पहिल्या अंकापासून माहीत आहे. ती विचारते आणि तो जे सांगेल ते ऐकून घेते, कारण सगळ्यांना तिचं तेच आवडतं. पुरुषाने एकट्याने सोसायचं, घरच्यांना सांगायचं नाही, आणि त्यालाच माया म्हणायचं, हे तुम्ही तिघं त्या पुस्तकातून शिकलात की तुमच्यात होतं म्हणून तुम्हाला ते पुस्तक आवडलं, मला ठरवता येत नाही. आजोबांनीही छातीतलं दुखणं पित्त म्हणूनच नेलं. मी राग धरायचा कोणावर? कागदावरच्या त्या कारकुनावर? पण राग तर येतो, आणि राग आला की मला रडू येतं, त्याचा आणखी राग येतो. मला असं ताट घेऊन उभं राहायचं नाही, एवढं मात्र त्या दुपारी पक्कं ठरलं.

आणि आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते सांगते. काल समीक्षा माझ्यासोबत पोळ्या लाटायला बसली होती. तिला गप्प राहता येत नाही हे तुला माहीत आहे, तरी तू तिला शपथ घातलीस. तुझी नोकरी होळीच्या सुमारासच गेली. सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतोस, कुठेतरी लायब्ररीत बसतोस, संध्याकाळी मोटारसायकलवर लोकांची जेवणं पोचवतोस, आणि आम्हाला फोन करून सांगतोस, शिफ्ट आहे, सगळं ठीक. बाबांची साखर वाढेल म्हणून सांगितलं नाहीस. तिने हे बोलून टाकलं. मी पीठ लागलेल्या हातांनी उठले, कारखान्यात गेले, आणि बाबांना शिडीवरून खाली बोलावून सगळं सांगितलं. तुझी परवानगी घेतली नाही. त्यांचं तुला सांगताना त्यांचीही घेतलेली नाही, तेव्हा रागवायचं असेल तर दोघं मिळून रागवा. बाबा पाटावर बसले. ब्रश वाटीत ठेवायला गेले तो वाटीच्या बाहेर पडला, आणि या वेळी त्यांनी तो लपवून उचलला नाही, तसाच पडू दिला. मग विचारलं, "तो जेवतो काय वेळेवर?" म्हटलं, समीक्षा म्हणते, अर्धा झालाय. मग विचारलं, "माझ्यापायी नाय सांगितलं त्यानं?" मी व्हय म्हटलं. मी घराकडे वळले तेव्हा मागून म्हणाले, "गुरुवारची वेळ घे पनवेलची. आणि त्याला म्हणावं, पुण्यातून थेट तिकडंच ये. मला दवाखान्यातल्या पाट्या वाचता येत नायत." हे त्यांचेच शब्द आहेत, मी त्यात माझा एकही घातलेला नाही. वेळ घेतली आहे. आम्ही पेणहून सकाळच्या एसटीने निघतो.

तुझीच, तुम्हा दोघांवर सारखीच रागावलेली,
आई